तरवा म्हणजे काय?

प्रश्न : माझी आजी सिंधुदुर्गातली आहे. मुंबईत पाऊस सुरू झाला की तिला ‘तरवा’ आठवतो. एकदा पेरलेले भात उपटून पुन्हा का लावतात?

उत्तर : तरवा म्हणजे भाताची कोवळी रोपे. लहानशा वाफ्यात दाट पेरलेले बी साधारण 21 ते 25 दिवसांत लावणीजोगे झाले, की ती रोपे उपटून, मुळांची माती पाण्यात धुऊन, जुड्या बांधून चिखलणी केलेल्या, म्हणजे पाणी साचवून चिखल केलेल्या, खाचरात (बांध घातलेल्या भातशेतात) दोन-दोन, तीन-तीन काड्यांनी रोवतात. साचलेल्या पाण्यात बरेचसे तण उगवत नाही आणि वाढीला लागलेले रोप उरलेल्या तणाला मागे टाकते. आजींना मात्र पावसात डोक्या-पाठीवर घ्यायच्या इरल्याखाली वाकलेली पाठ आणि बोटांतला गार चिखल आठवत असावा. लावणीला सोबत कोण कोण असायचे, हे त्यांना जरूर विचारा.