वॉरंटी जाईल म्हणून सीएनजी किट थांबवावं का?

प्रश्न: माझं घर गुहागरला आणि शाळा चिपळूणला. अकरा महिन्यांपूर्वी ₹८,६०,००० ची पेट्रोल हॅचबॅक कर्जावर घेतली, २१,००० किलोमीटर झाले. कंपनीची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर आहे. महिन्याला साधारण १,९०० किलोमीटर धावते, लिटरला १८ देते. पेट्रोल ₹१०५ आणि सीएनजी ₹९२ धरा. पगाराच्या फरकाचे ₹१,६०,००० आले आहेत. त्यातून बाहेरून सीएनजी किट (₹६५,०००), सोळा इंची अलॉय व्हील टायरसह (₹५२,०००), आणि १००/९० वॅटचे बल्ब व मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ (मिळून ₹२३,०००) बसवायचा विचार आहे. शोरूमवाले म्हणतात, काहीही लावलं की वॉरंटी संपली. फिटर म्हणतो, काही होत नाही. ₹१,५०,००० ची एफडी आहे, ती मोडायची नाही. काय करू?

उत्तर: किट बसवा. अलॉय आणि बल्ब सोडून द्या. स्टिरिओ चालेल, पण एका अटीवर. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात: दिवे आणि चाकं किरकोळ म्हणून आधी उरकतात आणि वॉरंटी जाईल या भीतीने किट लांबणीवर टाकतात. तुमच्या आकड्यांवर हिशेब वेगळा निघतो.

शोरूमवाले आणि फिटर, दोघांचंही अर्धंच खरं आहे. वॉरंटी पुस्तिकेतलं अपवादांचं पान शांतपणे वाचा. बहुतेक कंपन्यांचा नियम असा असतो की बाहेरच्या बदलामुळे जो भाग बिघडला, किंवा ज्या यंत्रणेला हात लागला, तिचा दावा नाकारला जातो. सीएनजी किट लावलं म्हणून पॉवर विंडोच्या मोटरचा दावा नाकारणं सहसा टिकत नाही. पण काही पुस्तिकांमध्ये अनधिकृत गॅस किटचा उल्लेख करून पूर्ण वॉरंटीच रद्द होईल असंही लिहिलेलं असतं. म्हणून काउंटरवरच्या माणसाच्या बोलण्यावर जाऊ नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करा: "या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) बसवलं तर कोणकोणत्या भागांची वॉरंटी चालू राहील?" लेखी उत्तर हातात आल्याशिवाय फिटरला आगाऊ रक्कम देऊ नका.

आता हिशेब. पेट्रोलवर किलोमीटरला ₹५.८३ पडतात. सीएनजीवर किलोला २४ किलोमीटर धरले तर ₹३.८३. फरक दोन रुपयांचा. गाडी सुरू पेट्रोलवरच होते आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवावं लागतं, म्हणून मी किलोमीटरला ₹१.९० धरतो. महिन्याला सुमारे ₹३,६००, वर्षाला ₹४३,२००. यातून दोन खर्च वजा करा. पहिला विम्याचा. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ₹६० जादा लागतात, जीएसटी धरून साधारण ₹३,१००. तुमची विमा कंपनी थोडं कमी-जास्त लावू शकते. दुसरा जादा सर्व्हिसिंगचा, ₹२,५०० धरू. वर्षाला निव्वळ ₹३७,६०० वाचतात. किट आणि आरटीओचा खर्च मिळून ₹६८,००० धरले तर पैसे बावीस महिन्यांत वसूल होतात.

तुमच्या वॉरंटीचे २५ महिने उरले आहेत. तेवढ्यात गाडी ६८,५०० किलोमीटरपर्यंतच जाईल, म्हणजे एक लाखाची मर्यादा आधी येत नाही. वॉरंटी संपेपर्यंत किट थांबवलं तर किटचे पैसे तेव्हा द्यावेच लागतील, पण मधल्या काळात वाचले असते ते ₹७८,००० पेट्रोलमध्ये जातील. ही तुमच्या उरलेल्या वॉरंटीची किंमत झाली. इंजिन हेडचं काम किंवा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) असं एखादं मोठं बिल ₹८०,००० चं धरलं, तर ते या २५ महिन्यांत जवळजवळ नक्की येणार असेल तरच थांबण्यात फायदा आहे. पूर्ण वॉरंटी गेली आणि सगळा मिळून धोका दोन लाखांचा मानला, तरी तो घडण्याची शक्यता दहात चार असेल तेव्हा बरोबरी होते. नीट वापरलेल्या वर्षाच्या गाडीत ती तेवढी नसते.

हे गणित तुमच्या रोजच्या गुहागर-चिपळूण फेरीवर उभं आहे. बदली होऊन शाळा गुहागरजवळच्या शृंगारतळीला आली आणि महिना ८०० किलोमीटरवर आला, तर वर्षाला जेमतेम ₹१२,६०० वाचतील आणि वसुलीला पाच वर्षांहून जास्त लागतील. बदलीची शक्यता असेल तर आदेश हातात येईपर्यंत थांबा. चिपळूणच्या पंपावर शाळेच्या वेळेत किती रांग असते हेही आठवडाभर पाहा. रोज पाऊण तास रांगेत जाणार असेल तर तुम्ही ते किट वापरणार नाही.

किट चांगलं असण्याइतकंच ते कसं बसवलं जातं हे महत्त्वाचं आहे, आणि आपल्याकडे त्यात खाऱ्या हवेची भर. सिक्वेन्शियल किटला पेट्रोल इंजेक्टरच्या वायरिंगमधून सिग्नल घ्यावा लागतो. घाईत काम करणारा फिटर वायर कापतो, पिळतो आणि काळी टेप गुंडाळतो. मिरगाचा पाऊस सुरू झाला की टेपखाली ओल धरते, तांब्यावर हिरवट थर येतो आणि एका सिलिंडरचं इंजेक्शन अधूनमधून चुकतं. गाडी धक्के खाते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापून खराब होतो. हा भाग महाग असतो आणि त्याचा दावा पहिल्यांदा नाकारला जातो, कारण तोडलेली वायर तिथेच दिसते. म्हणून तुमच्या मॉडेलचा इंजेक्टर अडॉप्टर हार्नेस मागा, म्हणजे कंपनीची एकही वायर कापावी लागणार नाही. त्याचे दोन-अडीच हजार जादा मागितले तरी द्या.

तीच काळजी डिकीत. टाकीच्या ब्रॅकेटसाठी पत्र्याला भोकं पाडावी लागतात. भोकाची कड उघडी राहिली तर दुसऱ्या पावसाळ्याच्या आत गंज धरतो, आणि मग पत्र्याच्या गंजाची वॉरंटी मागायला गेलात तर त्या भोकाकडे बोट दाखवतील. बोल्ट बसवण्याआधी कडेला झिंक प्रायमर, वर रंग आणि वॉशरखाली सीलंट लावून घ्या. हे समोर उभं राहून करून घ्या आणि फोटो काढा. साठ लिटरच्या टाकीत नऊ-दहा किलो गॅस मावतो. स्टीलची टाकीच साठेक किलोची असते, त्यामुळे मागचे स्प्रिंग दबतात आणि गणपतीला मुंबईहून माणसं आली की सामानाला जागा उरत नाही. हे आधीच मान्य करा.

कायद्याची बाजू पक्की हवी. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाड्यांना बाहेरून सीएनजी किट लावायची मुभा २०२२ साली मिळाली, पण किट त्या इंजिनासाठी मान्यताप्राप्त असलं पाहिजे. मान्यता प्रमाणपत्रावर तुमची गाडी बसते का हे बिल करण्याआधी पाहा. गाडी कर्जावर आहे, म्हणून बँकेचं ना-हरकत पत्र आधी घ्या. किट बसल्यावर १४ दिवसांत रत्नागिरी आरटीओकडे बदलाचा अर्ज करून आरसीवर इंधनाची नोंद करून घ्या आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर किटची नोंद घ्या. या दोन नोंदी राहिल्या तर अपघाताचा दावा अडकतो, आणि ते नुकसान वॉरंटी जाण्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी.

वापरातही शिस्त लागेल. सीएनजीवर व्हॉल्व्ह जास्त तापतात आणि गॅस कोरडा असतो. कंपनीतून सीएनजी म्हणून निघालेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) त्या हिशेबाने टणक दिलेल्या असतात, तुमच्या इंजिनात तसं असेलच असं नाही. म्हणून दर २०,००० किलोमीटरला व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) तपासून घ्या, स्पार्क प्लग वेळेवर बदला, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा. पेट्रोलची टाकी पाव भरलेली असू द्या आणि रोजचे पहिले चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा. टाकी कोरडी राहिली की इंधन पंप जळतो, इंजेक्टर तुंबतात. आणि नेहमीची सर्व्हिस अधिकृत सेंटरलाच करा. चुकलेली सर्व्हिस हे दावा नाकारायचं सगळ्यात सोपं कारण आहे.

आता बल्ब. तुमच्या वाटेवर मार्गताम्हान्यापासून पुढे पावसाळी रात्री रस्ता दिसत नाही ही अडचण खरी आहे, तिची मला कल्पना आहे. पण कंपनीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अपरला ६० आणि डिपरला ५५. त्याजागी १०० वॅटचा लावला की अपर बीमवर एका बल्बचा करंट ५ अँपिअरवरून ८.३ वर जातो आणि त्याच वायरमध्ये उष्णता जवळजवळ पावणेतीन पट होते. आधी होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो, मग हेडलॅम्पचा रिफ्लेक्टर काळवंडतो. हजार-बाराशेच्या बल्बपायी पुढच्या सगळ्या वायरिंगची वॉरंटी जाते. शिवाय ठरलेल्यापेक्षा जास्त वॅटचे बल्ब कायद्यात बसत नाहीत आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्याऐवजी तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचे फॉग लॅम्प शोरूममधून कपलर-टू-कपलर (वायर न कापता, कंपनीच्याच जोडणीत) बसवून घ्या आणि हेडलाइटचं अलाइनमेंट करून घ्या. ₹८,००० धरा.

अलॉयबद्दल माझं मत स्पष्ट नकाराचं आहे. तुमचा टायर १८५/६५ आर१५ धरला आणि त्याऐवजी १९५/५५ आर१६ घेतला तर बाहेरचा व्यास ६२१ मिलिमीटरच राहतो, त्यामुळे मीटर चुकणार नाही. पण टायरची बाजू १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. पावसानंतरच्या खड्ड्यांत हा तेरा मिलिमीटरचा फरक रिमला भोवतो. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) थोडा चुकला तरी व्हील बेअरिंगवर भार येतो, आणि बेअरिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्टिअरिंगचे दावे वादात जातात. ₹५२,००० च्या बदल्यात एक रुपयाही वाचत नाही. टायर झिजतील तेव्हा सध्याच्याच मापाचे चांगले घ्या.

स्टिरिओची अट एवढीच: तुमच्या गाडीच्या कपलरचा सॉकेट सोबत मिळाला पाहिजे, एकही वायर तोडायची नाही, आणि जुना स्टिरिओ घरी जपून ठेवायचा. ₹१२,००० पर्यंतचा घ्या.

एक्स्टेंडेड वॉरंटी सध्या घेऊ नका. ती वेगळा करार असते आणि तिच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा कडक असू शकतात. कंपनीच्या मेलमध्ये किट असतानाही गिअरबॉक्स, एसी आणि इलेक्ट्रिकल भाग धरले जातील असं स्पष्ट आलं, तरच विचार करा. शाळेजवळ चिपळुणात गाडी दिवसभर उभी असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात गाड्या बुडाल्या, आणि पाण्याने झालेलं नुकसान कुठल्याही कंपनीच्या वॉरंटीत येत नाही. त्यासाठी विम्याच्या नूतनीकरणात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घ्या, आणि पाणी शिरलेली गाडी चालू करायचा प्रयत्न करू नका.

म्हणून ₹१,६०,००० असे लावा. किट आणि आरटीओ ₹६८,०००. फॉग लॅम्प ₹८,०००. स्टिरिओ ₹१२,०००. गाडीच्या पोटाला गंजरोधक कोटिंग ₹५,०००, तेही शोरूममध्ये आणि जॉब कार्डवर लिहून, कारण बाहेरचे लोक पाणी निचऱ्याची भोकं आणि सायलेन्सरसुद्धा रंगवून टाकतात. विम्याच्या जादा हप्त्याला ₹७,०००. उरलेले ₹६०,००० गाडीच्या नावाने वेगळ्या एफडीत. ही तुमची स्वतःची इंजिन वॉरंटी. किट सुरू झाल्यावर पहिले सहा महिने वाचणाऱ्या ₹३,६०० चं आरडी काढून त्यात भर घाला, म्हणजे ती रक्कम ₹८०,००० च्या पुढे जाईल. ही रक्कम बाजूला ठेवायची तयारी नसेल तर किटही लावू नका, कारण बिल आलं की तुमची ₹१,५०,००० ची एफडी मोडेल.

पुढे कधी दावा नाकारला गेला तर तोंडी नकार घेऊ नका. कोणता भाग, कोणत्या बदलामुळे बिघडला, हे जॉब कार्डवर लिहून मागा आणि काढलेला भाग परत घ्या. लेखी कारण नसेल किंवा बदलाचा त्या बिघाडाशी संबंध नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. शुल्क दिलेल्या किमतीवर ठरतं: गाडीबद्दलची तक्रार ₹५ ते १० लाखांच्या गटात येते, तिला ₹२००. फक्त किटबद्दल असेल तर काहीच नाही.