लिहिणाऱ्यांचे प्रश्न : कथा वहीत लिहावी की कॉम्प्युटरवर?

कथेच्या पुनर्लेखनाबद्दल मागच्या वेळी लिहिलं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं फिरून एकाच विषयावर येतात : लिहायचं कशावर? म्हणून या वेळचं सदर त्याच प्रश्नाला देते.

प्रश्न : ताई, मी पतसंस्थेत नोकरी करतो. रात्री जेवणं उरकली की दोनशे पानी वहीत कथा लिहितो आणि नंतर ती टाइप करून घेतो. मुलगी म्हणते, बाबा, आता कोण हाताने लिहितं, सगळं दोनदा काम. मला मराठी टायपिंग येतं, ऑफिसात रोजच करतो. पण कथा काही स्क्रीनवर सुचत नाही. हाताने लिहिलं की मेंदू जास्त चालतो असं संशोधन झाल्याचंही व्हॉट्सॲपवर वाचलं. खरं आहे का? (बार्शी)

उत्तर : संशोधनाचं आधी सांगते. तुमच्या वाचनात आलं असेल ते बहुधा अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचं, २०१४ सालचं. व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी बोललेलं जवळजवळ जसंच्या तसं उतरवत जातात. वहीत लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसतो, त्यामुळे ते ऐकलेलं मनाशी जुळवून थोडक्यात टिपतात, आणि आशयाच्या प्रश्नांना ते जास्त चांगली उत्तरं देतात, असं त्यात दिसलं. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल इतका ठाम आला नाही. शिवाय तो अभ्यास व्याख्यानाच्या टिपणांचा आहे. कथा लिहिणारा कोणाचं ऐकून उतरवत नसतो. तेव्हा त्या जोरावर मी तुम्हाला 'वही सोडू नका' म्हणणार नाही.

म्हणणार आहे, पण वेगळ्या कारणाने. तुमची मुलगी ज्याला दोनदा काम म्हणते, त्यातल्या दुसऱ्या कामातच कथा घडते.

कथा लिहायला लागण्याआधी मी कोल्हापुरात एका छापखान्यात प्रुफं तपासत असे. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, हाताने जुळवण्याचे दिवस होते. कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे भरपूर समास सोडून लिहिलेली मुद्रणप्रत लेखकाकडून यायची, आणि जुळारी ती समोर लावून एकेक खिळा उचलायचा. मजकूर एकदा जुळला की त्यात वाक्य घालणं म्हणजे पुढच्या ओळी उसवणं. प्रुफावर एखाद्या लेखकाने परिच्छेद बदलला की फोरमनचा चेहरा उतरायचा आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर बोलणी व्हायची. त्यामुळे छापखान्यात येणारी प्रत स्वच्छ आणि शेवटची असावी लागे. ती तशी करण्यासाठी लेखक अख्खी कथा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पुन्हा लिहून काढत. काही जण तीन-तीनदा.

अशी प्रत करताना नेमकं काय होतं ते एका वाक्यावर दाखवते. कच्च्या वहीत आहे : 'बापूंनी पावती खिशात ठेवली आणि अतिशय खिन्न मनाने ते बँकेबाहेर पडले.' दुसऱ्यांदा लिहिताना हात 'अतिशय खिन्न मनाने'पाशी अडतो. एवढं पुन्हा लिहायचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यावर विश्वास ठेवावा, कारण वाचकालाही तिथेच कंटाळा येणार असतो. तुम्ही ते शब्द गाळता. गाळल्यावर बापूंचं दुःख कुठून तरी दिसायला तर हवं, म्हणून पुन्हा त्या पावतीकडे पाहता. मग लिहिता : 'बापूंनी पावतीच्या चार घड्या घातल्या, खिशात ठेवली, आणि बँकेच्या पायऱ्या उतरताना ती पुन्हा चाचपून पाहिली.' हे नुसतं वाचून दुरुस्त करताना सहसा होत नाही. वाचताना डोळा 'खिन्न मनाने'वरून सहज पुढे जातो, कारण त्यात चूक काहीच नसते.

कॉम्प्युटरने ही सक्ती काढून टाकली. फाइल उघडायची, चार शब्द बदलायचे, जतन करायचं. फाइल नेहमी वरून उघडते, त्यामुळे पहिल्या पानावर जितका हात फिरतो तितका शेवटच्या पानावर फिरत नाही. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या कथांत हे मला सतत दिसतं : सुरुवात घोटून घोटून गुळगुळीत झालेली, आणि शेवट एकदाच, घाईत लिहिलेला. परिच्छेद उचलून दुसरीकडे टाकणं सोपं झाल्यामुळे सांधेही राहून जातात. दुसऱ्या पानावर वारलेली आत्या सहाव्या पानावर कांदा चिरत असते. लेखक हुशार असतो, मेहनतीही असतो. फक्त ती कथा त्याच्या हातून सलग अशी एकदाही गेलेली नसते.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं : वही चालू ठेवा आणि टायपिंग मात्र स्वतः करा. डीटीपीवाल्याला देऊ नका, मुलीलाही नको. वही शेजारी ठेवून टाइप करताना जे वाक्य टाइप करावंसं वाटत नाही ते टाकून द्या, जे सुचेल ते घाला. जे थेट कॉम्प्युटरवर लिहितात त्यांनाही हे करता येतं. कथेची प्रिंट काढा, फाइल बंद करा, नवी कोरी फाइल उघडा आणि कागदावर पाहून सगळी कथा पुन्हा टाइप करा. कॉपी-पेस्ट नाही, एका ओळीचंही. माझ्या लेखनवर्गात हे सांगितलं की लोक हबकतात. मी स्वतः प्रत्येक कथेला हे करते आणि दुसरा इतका उपयोगी उपाय मला माहीत नाही.

मुलीला आणखी एक सांगा. अमेरिकेत रेमिंग्टनचा टाइपरायटर १८७४ साली बाजारात आला आणि तिकडच्या लेखकांच्या दोन-चार पिढ्या त्यावर वाढल्या. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, मराठी कळफलकाची यंत्रंही आली, पण ती मुख्यतः कचेऱ्यांत आणि कोर्टाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांकडे. छापखान्यात माझ्या हाताखालून गेलेल्या कथा जवळपास सगळ्या हस्ताक्षरातल्या होत्या. आपण पेनावरून थेट कॉम्प्युटरवर आलो, आणि लेखकाने स्वतः टाइप करायचं ही रीत मराठीत अजून ताजी आहे. ती कशी लावून घ्यायची ते तुमच्या-माझ्यासारख्यांनीच ठरवायचं आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या कथेतली माणसं आमच्याकडचं बोलतात : 'काय करूलालास?', 'मी जाऊलालो.' मी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करते, ते मराठीत होतं. पण हे शब्द यादीत येतच नाहीत, भलतेच येतात. शेवटी कंटाळून मी 'काय करतोस' असंच लिहून टाकते. काय करावं? (औसा, जि. लातूर)

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून मी अस्वस्थ झाले. 'काय करतोस' लिहून टाकलंत तिथे तुमचा माणूस औसा सोडून गेला. वाचकाला त्याचं नाव कळेल, गाव कळेल, पण तो कानात येणार नाही.

असं का होतं ते समजून घ्या. इंग्रजी अक्षरांवरून मराठी करणारी सोय तुम्ही कोणती अक्षरं दाबलीत त्यावरून शब्दाचा अंदाज बांधते आणि जे शब्द जास्त वापरले जातात ते पुढे करते. जास्त वापरले जातात ते प्रमाण मराठीतले. वऱ्हाडातल्या लेखकाने 'जाऊन रायलो' लिहिलं की 'राहिलो' पुढे येतं. आमच्या कोल्हापूरकडे मुली सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. ते तर छापखान्यातली माणसंही 'आले', 'जाते' करून ठेवत, आणि मूळ प्रतीवर बोट ठेवून मला ते परत फिरवून घ्यावं लागे. आता तोच हात तुमच्या फोनमध्ये आहे आणि तो तुम्ही लिहीत असतानाच फिरतो. मूळ प्रत शिल्लकच राहत नाही.

निदान संवाद तरी आधी कागदावर लिहा. मोठ्याने बोलत लिहा, घरात कोणी ऐकलं तरी चालेल. कागद काहीच सुचवत नाही.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिका. तो विंडोजमध्ये असतो, अँड्रॉइड फोनवरही घेता येतो, पैसे पडत नाहीत. त्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'ल'च्याच बटणावर शिफ्ट धरून 'ळ'. 'दुसऱ्या'मधला अर्धा र काढायला 'र'च्या बटणावर शिफ्ट धरायचं, मग पाय मोडायचा, मग 'या'. वेलांटी दिसायला आधी असली तरी टाइप करायची अक्षरानंतर. जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्यांना तेवढं सुरुवातीला अडतं. मुख्य गोष्ट ही की तुम्ही जे अक्षर दाबाल तेच उमटतं. 'करूलालास' म्हणजे क, र, ऊकार, ल, काना, ल, काना, स. कोणी मध्ये पडत नाही. फोनमधली शब्द सुचवण्याची आणि आपोआप दुरुस्तीची सोय मात्र सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. पहिले काही आठवडे वेग पडेल. पडू द्या.

कथा पाठवताना पहिल्या पानाच्या वर ठळक लिहा : 'संवादांतील बोली जशीच्या तशी ठेवावी.' आणि एकच रूप एकाच तऱ्हेने लिहा. एकदा 'करूलालास', एकदा 'करुलालास' असं झालं की मुद्रितशोधक ती चूक समजतो, आणि मग त्याला सगळंच दुरुस्त करावंसं वाटतं.

प्रश्न : हाताने लिहायला घेतलं की विचार पुढे पळतात आणि हात मागे राहतो. मग राग येऊन वही बंद करतो. (नागपूर, महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : कच्च्या प्रतीत शिरोरेषा देऊ नका. प्रत्येक शब्दावर रेघ ओढायला हात दरवेळी मागे न्यावा लागतो, तिथेच वेळ जातो. मोडी लिहिणाऱ्यांनी हीच अडचण सोडवली होती : आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. तुम्ही रेघ गाळलीत तरी तुमचं तुम्हाला वाचता येईल, आणि कच्ची वही दुसऱ्या कोणी वाचायची नसतेच. तरीही हात मागे पडत असेल तर खुशाल टाइप करा. तुमची पिढी त्यावरच वाढली आहे आणि पहिला खर्डा कशावर झाला याने कथेचं काही बिघडत नाही. दुसरा खर्डा सलग करा, एवढं बार्शीच्या उत्तरातलं घ्या.

प्रश्न : मी डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात फोनवर बोलून कथा लिहिते, फोन त्याचं टायपिंग करतो. हे लेखन म्हणायचं का? (डोंबिवली)

उत्तर : म्हणायचं. फक्त बोलताना आपण वाक्य लांबवतो, 'म्हणजे', 'तर', 'आणि मग' घालत जातो. ते निवेदनात खपत नाही, संवादात मात्र फार चांगलं उतरतं. तेव्हा संवाद बोलून घ्या, निवेदन घरी बसून लिहा. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं त्याच रात्री तपासा. दोन दिवसांनी फोनने काय ऐकलं असेल ते तुम्हालाही ओळखता येणार नाही.

प्रश्न : दिवाळी अंकांना आता हस्तलिखित चालतं का? माझ्या जुन्या कथा डीटीपीवाल्याने श्रीलिपीत करून दिल्या होत्या. त्या मेलने पाठवल्या तर संपादक म्हणतात, नुसती चिन्हं दिसतात. (राजापूर, सेवानिवृत्त)

उत्तर : 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला १९०९ साली, आणि त्यानंतर कित्येक दशकं हे सगळं वैभव हस्तलिखितांवर उभं राहिलं. आज काही संपादक हस्तलिखित आनंदाने वाचतात, पण ते टाइप करून घ्यायचा खर्च अंकावर पडतो, म्हणून बरेच जण युनिकोडमधला, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर वा फोनवर वाचता येईल असा मजकूर मागतात. पाठवण्याआधी विचारून घ्या. हस्तलिखित देणार असाल तर एकाच बाजूला लिहा, पानांवर क्रमांक घाला आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवल्याशिवाय मूळ प्रत हातची सोडू नका.

तुमच्या जुन्या फाइलींत बिघाड नाही. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असायचे. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला की त्याला मूळच्या खुणा दिसतात. कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो, गावातला डीटीपीवालाही करून देईल. मात्र बदलून आलेला मजकूर डोळ्यांत तेल घालून वाचा : रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, 'वाऱ्यावर'मधला अर्धा र भलताच होतो, 'क्ष' आणि 'ज्ञ' तुटतात. शक्य असेल तर त्या कथा बदलून घेण्याऐवजी छापील प्रत समोर ठेवून स्वतः पुन्हा टाइप करा. इतक्या वर्षांनी त्यात तुम्हाला काय काय बदलावंसं वाटेल ते पाहा. मग युनिकोडची फाइल आणि सोबत पीडीएफ असं दोन्ही पाठवा, म्हणजे कुठे अक्षर फिरलं तर संपादकाला पीडीएफवरून ताडून पाहता येईल. बहुतेक अंकांचं काम जून-जुलैत सुरू होतं, त्या बेताने हाती घ्या.