‘पेपर’ म्हणजे नक्की काय : मिरी, पिंपळी की मिरची?

प्रश्न : इंग्रजीत काळी मिरी ‘ब्लॅक पेपर’ आणि ढोबळी मिरची ‘बेल पेपर’ कशी? हा शब्द मूळचा कोठला?

उत्तर : शब्द मूळचा आपल्याकडचा आहे, पण ज्या वस्तूचे ते नाव होते, ती या दोहोंपैकी एकही नव्हे. संस्कृतातील ‘पिप्पली’, म्हणजे आजही काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी लांबट, खरबरीत पिंपळी, इराणी भाषांच्या वाटेने ग्रीकांकडे गेली तेव्हा तिच्यातील ‘ल’चा ‘र’ होऊन ‘पेपेरि’ झाली, लॅटिनमध्ये ‘पिपेर’ झाली आणि तेथून जुन्या इंग्रजीत ‘पिपोर’ या रूपाने स्थिरावली. प्रवासात मालाची मात्र अदलाबदल झाली. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलेले रोममधील भाव पाहिले की त्याचे कारण बरेचसे कळते : पिंपळी पौंडाला 15 डिनारियस (रोमन चांदीची नाणी), तर काळी मिरी अवघी 4. स्वस्त मिरी घरोघरी पोहोचली आणि महागड्या पिंपळीचे नाव तिलाच चिकटले. निदान या दोन्ही वेली एकाच कुळातील आहेत, त्यामुळे ही चूक क्षम्य म्हणावी लागेल.

पुढची गल्लत अधिक मोठी आहे. 1492 मध्ये मसाल्यांच्या शोधात निघालेला कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला. तेथे त्याला वांगी-बटाट्यांच्या कुळातील मिरची आढळली आणि केवळ तिखटपणाच्या साम्यावरून तिला मिरीचे नाव मिळाले. स्पॅनिश भाषेने मिरीला ‘पिमिएंता’ आणि मिरचीला ‘पिमिएंतो’ म्हणून थोडा तरी भेद राखला. इंग्रजीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ‘चिली’ हा मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेचा शब्द तिने पुढे उचलला खरा (त्याचा चिली देशाशी संबंध नाही), पण ‘पेपर’ काही सुटला नाही. हंगेरीतून जगभर गेलेली ‘पाप्रिका’ ही मिरचीची पूडदेखील नावाने याच ‘पिप्पली’ची दूरची वंशज आहे.

इंग्रजांना हसण्यापूर्वी आपण आपला मसाल्याचा डबा उघडून पाहावा. पोर्तुगीजांमार्फत मिरची आपल्याकडे आली, तेव्हा ‘मरिच’ या मिरीच्या संस्कृत नावावरूनच आपण तिचे बारसे केले. आणि कोकणी माणूस तर तिला आजही ‘मिरसांग’, म्हणजे मिरीची शेंग, म्हणतो.