मुंबईच्या माणसानं नाशिकच्या वाइन टेस्टिंगला जावं का?

प्रश्न असा आहे: "मुंबईत राहतो, वाइनमधलं काही कळत नाही. आपल्याकडच्या वाइनचं टेस्टिंग किंवा फेस्टिव्हल एकदा बघावं म्हणतो. कुठे जावं, काय प्यावं? की हा सगळा फोटो काढण्यापुरता श्रीमंती देखावा असतो?"

पहिल्या भागाचं उत्तर देणारे खूप भेटतील. मी लिहायला बसले ती शेवटच्या वाक्यामुळे.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. घरची द्राक्षाची बाग. लग्न होऊन मुलुंडला आले, पण ऑक्टोबर लागला की अजून पहिला फोन छाटणीचाच असतो. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. वाइनवरचं उत्पादन शुल्क दहा वर्षांसाठी माफ, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क. गावोगाव बैठका झाल्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थॉमसनच्या, म्हणजे खायच्या द्राक्षाच्या, बागेतला एक तुकडा मोडून तिथे शिराझ आणि शेनिन ब्लाँ ही वाइनची द्राक्षं लावली. शेजारचे येऊन घड हातात धरून बघायचे आणि हसायचे. मणी बारका, साल जाड, आत बी. बाजारात नेला तर कोण घेणार? पण खायच्या द्राक्षाला जीएमध्ये, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकात, घड बुडवा, विरळणी करा, मणी फुगवा हे सगळं लागतं, ते इथे नव्हतं. वाइनरीशी करार होता, दर आधी ठरलेला होता. सुरुवातीला पैसेही वेळेवर आले.

मग २००८. मंदी आली, आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. ताज आणि ट्रायडंटमध्ये काय घडलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. आम्ही त्याचा परिणाम पुढच्या तोडणीला पाहिला. पर्यटक थांबले, मोठी हॉटेलं ओस पडली, आणि या वाइनचं मोठं गिऱ्हाईक ही हॉटेलंच होती. वाइनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. आमचा माल ज्यांच्याकडे जायचा त्यांनी आधी पुढची तारीख दिली, मग फोन उचलणं बंद केलं. पिकलेलं द्राक्ष वेलीवर थांबत नाही, आणि हे द्राक्ष बाजार समितीत कोणी विचारत नाही. अण्णांनी बाग उपटली. त्या काळात जिल्ह्यात अनेकांनी उपटली.

त्यामुळे कोणी याला श्रीमंती देखावा म्हटलं की मला राग येतो. देखावा मांडणारे आहेत, नाही असं नाही. पण त्या ग्लासात जे आहे ते कोणाच्या तरी बांधावरून आलेलं आहे.

आता जे सांगायचं आहे ते. काही वर्षांनी अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. डोळा बरा झाला, तपासणी बाकी म्हणून राहिले. हिवाळ्याचे दिवस होते. उपनगरात एका मैदानावर वाइनची संध्याकाळ होती, नाशिककडच्या बऱ्याच वाइनऱ्यांची टेबलं, आणि माझ्या यजमानांना ऑफिसातून पास मिळाले होते. अण्णा माळकरी. वारी चुकवलेली नाही, दारूला आयुष्यात हात लावलेला नाही. आम्ही त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. तेच म्हणाले, "मी येतो. आपल्या मालाचं पुढं काय व्हतं ते बघू तरी." त्यांनी इतके हंगाम क्रेट भरून पाठवले होते, पण ते द्राक्ष ग्लासात कसं दिसतं हे कधी पाहिलं नव्हतं.

टोपी, धोतर, गळ्यात तुळशीची माळ. लोक वळून बघत होते. पहिल्याच टेबलावरच्या मुलानं मला सोव्हिन्यों ब्लाँ, एक पांढरी वाइन, ओतून दिली आणि पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. गूसबेरी, पॅशनफ्रूट, हिरवं गवत. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माल कुठल्या गावचा?" त्याला माहीत नव्हतं. "छाटणी कधीची?" तेही नाही. पण मुलगा चांगला होता. टाळाटाळ न करता तो मागे गेला आणि त्यांच्या शेतीवरच्या माणसाला घेऊन आला. तो दिंडोरीकडचा निघाला. मग माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला आणि हे दोघं सुरू झाले. डावणी किती आला, भुरी कशी आवरली (हे दोन्ही वेलीचे रोग), ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, किती येऊ दिला. बावीस-तेवीस, तो म्हणाला. अण्णांनी मान डोलावली, कारण खायचं द्राक्ष आपण अठराच्या आसपास काढतो. "तोडणी पहाटेची?" अण्णांनी विचारलं. तो म्हणाला, "होय, उन्हं तापायच्या आत क्रेट आत पाहिजेत. माल गरम झाला की वास उडतो."

मग त्यानं शिराझ ओतली. अण्णांनी ग्लास मागून घेतला. दांडीला न धरता दोन्ही हातांत धरला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले. थोडा वेळ तसेच उभे राहिले. "मिरी," म्हणाले. "आपल्या तुकड्यातली साल चावली की असाच वास यायचा." आणि ग्लास माझ्याकडे परत दिला, थेंबही न घेता.

शिराझच्या सालीत एक वासाचं द्रव्य असतं, रोटंडोन, तेच काळ्या मिरीतही असतं. पुस्तकात वाचून हे कोणीही सांगेल. शेजारी उभी असलेली मंडळी हातातल्या कार्डावर बघून "पेपरी, पेपरी" करत होती. माझ्या वडिलांना कार्ड वाचता येत नव्हतं, ते इंग्रजीत होतं. त्यांना बाग माहीत होती.

म्हणून तुम्हाला वाइनमधलं कळत नाही हे मी अडचण मानत नाही. कार्डावरचे शब्द विसरा. गूसबेरी, ब्लॅककरंट आपण खाल्लेलेच नसतात, मग त्यांचा वास येतोय असं कशाला म्हणायचं? पेरू वाटला तर पेरू म्हणा, कैरी वाटली तर कैरी, पावसानंतरची माती वाटली तर माती. टेबलामागच्या माणसाला हे विचारा: द्राक्षं कुठल्या गावची, स्वतःच्या बागेतली की करारावरची, तोडली कधी. आणि जमलं तर हेही विचारा, करारावरच्या शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत मिळतात. ज्या वाइनरीला याचं उत्तर देता येतं तिची बाटली घ्या. मी तरी असंच करते.

तोडणीवरून आठवलं, हे मुंबईत फार कमी जणांना माहीत असतं. युरोपात द्राक्षं सप्टेंबरच्या सुमाराला काढतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या करतात. एप्रिलची खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, तिच्यावर फळ येतं. दोन छाटण्या, पीक एक. पावसाळा फळावर येऊ नये म्हणून बसवलेली ही घडी आहे. तेव्हा जायचं तर फेब्रुवारीत जा. बाग भरलेली असते, आत माल येत असतो, टाक्यांजवळ आंबूस-गोड वास असतो. पावसाळ्यात हिरवळ छान दिसते, पण वेलीवर बघायला काही नसतं.

कुठे, तर मुंबईहून सगळ्यात जवळ इगतपुरी. कावनईला व्हॅलोने, सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा एकमेकांपासून फार लांब नाहीत. दिंडोरीला शँडॉन, तिथे मुख्यतः फेसाळ वाइन. सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडा, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. गाडी चालवत जाऊ नका. "मी फक्त चव घेणार" म्हणणारा माणूस सहा ग्लासांनंतर कसारा घाट उतरतो, हे मी पाहिलेलं आहे. २६ जानेवारीला जोडून सुटी आली म्हणून निघू नका, तो ड्राय डे असतो.

फेस्टिव्हलबद्दल माझं मत कडक आहे. सुलाफेस्ट २००८ पासून होतं, २०२० नंतर काही वर्षं बंद होतं, २०२५ मध्ये पुन्हा झालं. तो गाण्यांचा उत्सव आहे. गाण्यांसाठी जायचं तर आनंदानं जा. वाइन समजून घ्यायची असेल तर एखाद्या मंगळवारी-बुधवारी वाइनरीत जा, तेव्हा ओतणाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. मुंबईतल्या मैदानावरच्या कार्यक्रमांचा त्रास म्हणजे उकाडा. लाल वाइन साधारण तापमानाला प्यावी हे थंड देशातलं गणित. आपल्याकडचं साधारण तापमान तीस अंश, त्यात ती कडवट आणि तिखट लागते, आणि लोक म्हणतात देशी वाइन वाईट. बर्फाच्या बादलीत थोडा वेळ ठेवायला सांगा. घरी अर्धा तास फ्रिजमध्ये. आधी फेसाळ, मग पांढरी, मग लाल. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कमीपणा नाही. अत्तर लावून जाऊ नका.

चीज आणि कुरकुरीत बिस्किटांचे तुकडे खाल्लेच पाहिजेत असं नाही. सोव्हिन्यों ब्लाँबरोबर तळलेले ओले बोंबील, शेनिनबरोबर कोथिंबीर वडी. आपल्याकडची शेनिन बहुतेक किंचित गोडसर करतात, ती वडीच्या तिखटाला सांभाळून घेते. शिराझला मटण सुक्कं चालतं, पण तिखट हात राखून. मिरचीचा जाळ आणि लाल वाइन एकमेकांना मारतात.

आता घरातला वाद, कारण तुमच्या घरातही तो होणार. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला. "मद्यराष्ट्र" झालं म्हणून ओरड झाली, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि पुढे तो निर्णय अमलात आलाच नाही. त्या रविवारी दादरला जेवायला गेलो होतो. चुलत सासरे पानावर म्हणाले, "शेतकऱ्याचं नाव पुढे करायचं आणि दारू विकायची." माझ्याकडे बघून म्हणाले. मी म्हटलं, काका, तुम्ही शनिवारी जे घेता त्यात शेतकरी कुठे आहे ते मला दाखवा. आपल्याकडच्या पुष्कळ व्हिस्कीत मळीपासूनचं स्पिरिट असतं, तो ऊस कुठल्या गावचा हे बाटलीवर कोणी लिहीत नाही. इथे निदान गाव विचारता येतं, बाग बघता येते, आणि पैसे थकवले तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं हे कळतं. ते म्हणाले, वाद घालू नकोस. मी तेव्हा जेवण संपवलं आणि उठले, आज इथे उरलेलं सांगते. शेतकऱ्याचं नाव घेऊन बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी दुकानातल्या फळीवर भांडण केलं. करार मोडला तर द्राक्ष उत्पादकाच्या पैशाची हमी कोण देणार, यावर कोणी एक बैठक घेतली नाही. मला विचाराल तर आधी ती हमी, फळी मागून.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या, त्याही ऐका. त्या वेळी काही नेते "वाइन म्हणजे दारू नव्हे" म्हणाले. चूक आहे. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, ती दारूच आहे. रोज एक ग्लास लाल वाइन हृदयाला चांगली वगैरे ऐकून सुरुवात करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. घरात कोणाला व्यसनाचा इतिहास असेल तर जाऊच नका. आणि जो पीत नाही त्यालाही बरोबर न्या, बागेत फिरायला आणि वास घ्यायला पिण्याची गरज नसते.

काय घ्यावं हे थोडक्यात. पांढरी घेताना बाटलीवरचं साल बघा आणि सगळ्यात अलीकडचं घ्या. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन ताज्याच चांगल्या लागतात. स्क्रूचं झाकण म्हणजे हलका माल ही समजूत सोडा, बुचापेक्षा आपल्या हवेत तेच बरं. फ्रातेल्ली वाइनरीची सेत्ते ही लाल वाइन अकलूजकडची आहे, सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों ही दोन द्राक्षं मिळून केलेली. लाल आवडायला लागली की ती घ्या, पहिल्या दिवशी नको. आमच्या निफाडची रेव्हेलो वाइनरी दिसली तर तिची ग्रिलो ही पांढरी वाइन चाखा. आणि मुंबईतल्या दुकानात काचेत उन्हाला उभी ठेवलेली तीन-चार वर्षं जुनी शेनिन "जुनी आहे साहेब, भारी आहे" म्हणून कोणी देत असेल तर तिथून बाहेर पडा.