मे महिन्यात पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर

पहिल्याच खेपेला जात असाल तर पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडा. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असा साधारण 160 किलोमीटरचा रस्ता आहे. उन्हं तापायच्या आत घाट उतरून होतो. टाकी पौडलाच भरा आणि नकाशा आधीच डाउनलोड करा, घाटात रेंज जाते.

हवा टायर गार असताना, दारावरच्या स्टिकरवर दिलेली तेवढीच भरा. 'ऊन आहे, थोडी कमी ठेवा' हा पंपावरचा सल्ला ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो तोच. कूलंटही (इंजिन गार ठेवणारं पाणी) गार इंजिनवर बघा. तापमानाचा काटा वर चढला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, पण रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

उतारावर दुसरा गिअर. सतत ब्रेक दाबून ठेवला की जळका वास येतो, मग ब्रेक लागेनासा होतो. न्यूट्रलवर उतरवणं तर सोडाच.

किनाऱ्यावर गाडी वाळूत घालू नका, कितीही जण घालताना दिसले तरी. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नका.

माणशी तीन लिटर पाणी. जेवण मात्र खानावळीत सकाळीच सांगून ठेवा.