तंत्रज्ञान बदललं तसं टीव्ही पाहणं आणि प्रेक्षक कसे बदलले?

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल पडद्याचा नाही, वेळेचा आहे. पूर्वी मालिका ठरल्या वेळीच लागायची. चुकली की चुकली. १९७५ मध्ये सोनीचा बीटामॅक्स आणि पुढच्याच वर्षी व्हीएचएस हे कॅसेटवर रेकॉर्ड करणारे घरगुती व्हिडिओचे प्रकार आले, तेव्हा कुठे सामान्य घरात कार्यक्रम टेप करून सवडीने बघता येऊ लागला. जाहिरात आली की फॉरवर्डचं बटण दाबायची सवयही तेव्हाचीच. यावरून अमेरिकेत स्टुडिओ कोर्टात गेले होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं घरगुती रेकॉर्डिंग कायदेशीर ठरवलं.

२००७ मध्ये नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग सुरू झालं. आता भाग संपला की कोपऱ्यात आकडे उलटे धावतात, पाच, चार, तीन... आणि रिमोट हातात घेईपर्यंत पुढचा भाग सुरू! थांबायचं तर आपणच उठायला हवं.

प्रेक्षकांचं मोजमापही बदललं. आधी निवडक घरांत मीटर बसवून अंदाज बांधायचे. आता आपण कुठे थांबलो, कुठे कंटाळून सोडलं, सगळी नोंद राहते आणि शिफारशी त्यावरूनच येतात.

मला मनापासून खटकतं ते घरातल्या चौघांनी चार मोबाइलवर चार वेगळ्या गोष्टी बघणं. थेट सामना असला की मात्र अजूनही सगळे एका पडद्यासमोर येऊन बसतात.