वाचक विचारतात : ठाणे खाडी आणि एप्रिल-मेमधले परतीचे पक्षी

प्रश्न : एप्रिलमध्ये दोनदा ऐरोलीला गेलो. एकदा नुसता चिखल आणि पार लांब ठिपके, दुसऱ्यांदा नुसतं पाणी. खाडीवर जायची नेमकी वेळ कशी काढायची? (वाचक, डोंबिवली)

घड्याळ बाजूला ठेवा आणि तिथी बघा. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोन भरत्या येतात, त्यामुळे ती वेळ सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू पडते. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून पाऊण तासाचा हा हिशेब जमतो. तो ढोबळच आहे, अर्धा तास इकडे-तिकडे होणार. छापील तक्ता मुंबई बंदराचा असतो आणि ऐरोली खाडीच्या आत असल्यामुळे पाणी तिथे त्याहून उशिरा चढतं. पहिल्या फेरीतच काठावरची एखादी खूण धरून फरक टिपून ठेवा, पुढे तोच उपयोगी पडतो.

आता खरा मुद्दा. ओहोटीला चिखल पूर्ण उघडा पडतो तेव्हा पक्षी पाण्याच्या कडेला, तुमच्यापासून दूर, पसरून खात असतात. पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही. ते मिठागरांत, तळ्यांत किंवा कांदळवनाआडच्या उघड्या जागेवर जाऊन बसतात. तुमच्या दोन फेऱ्या या दोन टोकांना पडल्या. चढत्या पाण्याचा वेळ साधा, म्हणजे पूर्ण भरतीच्या अडीच तास आधी जागेवर पोहोचा. पाणी चिखलाची पट्टी अरुंद करत आणतं, तसे पक्षी दाटीने काठाकडे सरकतात. सगळ्यांत चांगला तास-दीड तास तोच.

ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं. म्हणून द्वादशी-त्रयोदशीची सकाळ इथे उत्तम. भांडुप आणि शिवडी पश्चिम काठावर. तिथे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. त्या बाजूला पंचमी-षष्ठीची दुपार निवडा. अष्टमी-नवमी शक्यतो टाळा. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी असतो त्या दिवसांत भरती सव्वातीन मीटरच्या आसपासच चढते, चिखल नीट झाकला जात नाही आणि पक्षी लांबच राहतात. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ती साडेचारच्या घरात जाते. एप्रिलमध्ये साडेनऊनंतर चिखलावर हवा थरथरायला लागते. मग साठपट दुर्बीणही निरुपयोगी. स्कोप (तिवईवर लावायची एकनळी दुर्बीण) वीस-पंचवीसपटीवरच ठेवा.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या बोटीही भरतीनुसारच सुटतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रावर आगाऊ नोंदणी करताना आधी तिथी आणि मग सुट्टी बघा. बहुतेकजण उलटं करतात.

प्रश्न : जानेवारीत सगळे किनारपक्षी राखाडी दिसले. आता त्यांतले काही तांबडे, काही काळ्या पोटाचे. हे नवे पक्षी आले का? (वाचक, मुलुंड)

बहुतेक तेच आहेत, निघण्याआधी पिसं बदलताहेत. काही आणखी दक्षिणेकडून येऊन इथे थोडे दिवस थांबलेलेही असतात.

कर्लू सँडपायपर बघा. चोच लांब आणि खाली वळलेली, आकार साळुंकीपेक्षा लहान. मार्चअखेर त्याच्या छाती-पोटावर विटकरी ठिगळं उमटतात, जणू कुणी राखाडी कापडाला तांबडे तुकडे जोडलेत. महिनाभरात डोक्यापासून पोटापर्यंत तो भाजल्या विटेसारखा होतो. उडताना शेपटीवरचा पांढरा पट्टा दिसला की ओळख पक्की. हा सायबेरियाच्या पार उत्तरेकडच्या टुंड्रात घरटं करतो. सँड प्लोव्हरच्या छातीवर नारिंगी-तांबूस पट्टा येतो आणि डोळ्यांवर काळा मुखवटा. ग्रे प्लोव्हरचा चेहरा आणि पोट काळंभोर होतं. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची होते.

रंगाइतकंच पोटाकडेही लक्ष द्या, हे फार कमी लोक करतात. पक्षी बाजूने उभा असताना पायांच्या मागची रेषा बघा. हिवाळ्यात ती सरळ शेपटीकडे चढते. एप्रिलमध्ये तिथे फुगवटा येतो आणि पोट लोंबल्यासारखं दिसतं. ती साठवलेली चरबी, परतीच्या उड्डाणाचं इंधन. काही किनारपक्ष्यांचं वजन या दिवसांत दीडपटीच्या वर जातं. असे फुगलेले पक्षी संध्याकाळी, विशेषतः भरतीच्या सुमारास, सारखे आवाज करत उठताना-बसताना दिसले तर थांबा. थवा घिरट्या घेत उंच चढला, तिरकी रांग धरली आणि खाली न उतरता उत्तरेकडे गेला, तर तुम्ही प्रस्थान पाहिलंत. वेळ आणि दिशा लिहून ठेवा. अशा नोंदी फार मोलाच्या असतात.

प्रश्न : मेच्या तिसऱ्या आठवड्यातही चिखलावर राखाडी पक्षी उरले होते. आजारी आहेत का? वाट चुकले का? (वाचक, नेरूळ)

नाही. बरेचसे गेल्या उन्हाळ्यात जन्मलेले, पहिल्याच वर्षातले पक्षी असतात. अनेक किनारपक्षी पहिल्या वर्षी वीण करत नाहीत, म्हणून हजारो किलोमीटरचा प्रवास न करता इथेच पावसाळा काढतात. त्यांची पिसं फिकट आणि कडांना झिजलेली दिसतात. मात्र पक्षी पंख पाडून बसला असेल, मान धरता येत नसेल, तर तो खरंच आजारी आहे. हात न लावता वनविभागाला कळवा. जुलैत परतणारे प्रौढ पक्षी दिसू लागतात, तेव्हा मे आणि जुलैच्या नोंदी वेगळ्या ठेवा, नाहीतर कोण राहिला आणि कोण परतला हे कधीच कळणार नाही.

प्रश्न : रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) थवे मोजताना माझा आणि मित्राचा आकडा दुपटीने वेगळा येतो. (वाचक, ठाणे)

एका नजरेत अंदाज करू नका. आधी पन्नास पक्षी एकेक करून मोजा आणि ते दुर्बिणीच्या वर्तुळात किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवा. मग तेवढे तुकडे किती, ते मोजा. गडबड होते ती दाटीमुळे. थव्याच्या मधला भाग कडेपेक्षा दाट असतो, म्हणून मधल्या तुकड्यासाठी वेगळे पन्नास मोजा. मागच्या रांगा पुढच्यांनी झाकल्या जातात, त्यामुळे काठावरून काढलेला आकडा बहुधा कमीच येतो. दोघांनी स्वतंत्र मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. चढत्या पाण्याबरोबर तोच थवा सरकत येतो, तेव्हा त्याची दुसऱ्यांदा भर घालू नका.

मोठा आणि छोटा रोहित वेगळे मोजा. मोठ्याची चोच गुलाबी, फक्त टोक काळं. छोट्याची चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. उंचीवर भिस्त ठेवू नका, चिखलात पाय किती रुतलेत ते दिसत नाही. राखाडी-तपकिरी असतील ती पिल्लं, त्यांचाही आकडा लिहा.

प्रश्न : पायात झेंडी असलेला पक्षी दिसला. काय नोंदवायचं? (वाचक, उरण)

झेंडी म्हणजे अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात घातलेली रंगीत पट्टी. तिचा रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, ती पक्ष्याच्या डाव्या पायात की उजव्या, आणि सांध्याच्या वर की खाली. आपण ज्याला गुडघा म्हणतो तो पक्ष्याचा घोटा असतो, म्हणून गुडघा-घोटा न म्हणता नुसतं ‘सांध्याच्या वर’ किंवा ‘सांध्याच्या खाली’ एवढंच लिहा. डावं-उजवं पक्ष्याचं धरा, तुमचं नाही. समोरून पाहताना नेमकी हीच चूक होते. दोन झेंड्या असतील तर वरची कुठली, खालची कुठली हेही हवं. दुसऱ्या पायातली धातूची कडी विसरू नका. फोटो अस्पष्ट आला तरी पुसू नका, रंगांचा क्रम त्यातूनही कळतो. नोंद बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवा. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी अंदाज न लिहिता रिकामी जागा ठेवा; चुकीच्या अक्षराने ती नोंद दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर जाते.

प्रश्न : मांडव्याच्या लाँचवरून कुरवांना (सीगलना) शेव-गाठ्या घालतात. चालतं का? (वाचक, अलिबाग)

घालू नका. मीठ आणि तेल हे त्यांचं अन्न नव्हे. मार्चमध्ये डोक्यावर कॉफीच्या रंगाची टोपी चढलेला तपकिरी डोक्याचा कुरव लवकरच लडाख-तिबेटच्या तळ्यांकडे निघणार असतो. त्याला मासे आणि किडे हवेत.